सॉफ्टवेअरचा धंदा : भाषा कोणती, तपासणी कोणती?

किराणा दुकानाचे बिल, दवाखान्यातील रुग्णांची नोंद, शाळेची फी, सराफाच्या पेढीवरील वजन आणि मजुरीचा हिशेब, बैतुलमालचा जमाखर्च ही सगळी कामे आता कॉम्प्युटरवर होतात. हे प्रोग्रॅम फक्त मोठ्या कंपन्याच तयार करतात असे नाही. जिल्ह्याच्या आणि तालुक्याच्या गावी दोन-तीन कॉम्प्युटर मांडून बसलेले तरुणही ते करून देतात. आपल्या समाजातील शिकलेल्या मुला-मुलींसाठी हा एक चांगला व्यवसाय आहे. भांडवल थोडे लागते, मोठी जागा लागत नाही आणि घरी बसूनही काम करता येते.

परंतु या धंद्यात एक अडचण आहे. कापडाच्या ताग्यात दोष असेल तर तो घडी घालतानाच नजरेस येतो, म्हणजे माल पेढीवर जाण्यापूर्वी. प्रोग्रॅममधील दोष मात्र बहुधा माल पोहोचल्यानंतर, पैसे हाती आल्यानंतर आणि गिऱ्हाइकाच्या दुकानात ऐन गर्दीच्या वेळी उघडा पडतो. मग दुरुस्तीची मजुरी कोणी देत नाही, वर नाव खराब होते ते वेगळेच.

या व्यवसायात येणारा तरुण पहिला प्रश्न विचारतो तो असा : कोणती भाषा शिकू? कोणत्या भाषेला मागणी आहे? प्रश्न योग्य आहे, पण अपुरा आहे. त्याच्या जोडीला दुसरा प्रश्न विचारला पाहिजे : माझ्या हातून चूक झाली तर ही भाषा ती केव्हा पकडेल? माझ्या टेबलावर, की गिऱ्हाइकाच्या गल्ल्यावर? कॉम्प्युटरच्या भाषांची खरी तुलना या एका प्रश्नावर करता येते.

'प्रकार' म्हणजे काय?

कॉम्प्युटरच्या पोटात सगळेच आकडे असतात. त्यातील कोणता आकडा रक्कम आहे, कोणता तारीख आहे आणि कोणते नुसते अक्षर आहे, हे त्याला सांगावे लागते. या ओळखीला टाईप किंवा प्रकार म्हणतात. वाण्याच्या दुकानात साखरेच्या डब्यावर 'साखर' आणि मिठाच्या डब्यावर 'मीठ' अशी चिठ्ठी असते. दोन्ही पांढरे, पण चिठ्ठीमुळे घोटाळा होत नाही. प्रकाराचे कामही तेच आहे.

सर्वांत जास्त घोटाळा होतो तो आकडा आणि मजकूर यांच्यात. आपण वेबसाईटवरील फॉर्ममध्ये १०० असे लिहितो तेव्हा तो आपल्या दृष्टीने आकडा असतो. प्रोग्रॅमच्या हाती मात्र तो 'एक, शून्य, शून्य' अशा तीन अक्षरांचा मजकूर म्हणून येतो. त्याला स्ट्रिंग म्हणतात. त्याचे आकड्यात रूपांतर करणे हे प्रोग्रॅम लिहिणाऱ्याचे काम. ते राहून गेले तर काय होते, याचा मासला पाहू.

एकच बेरीज, वेगवेगळे जबाब

समजा १०० रुपयांच्या मालावर १८ रुपये कर लावायचा आहे. १०० हा मजकूर म्हणून आला आहे आणि १८ हा आकडा आहे. दोन्हींची बेरीज करा असे निरनिराळ्या भाषांना सांगितले तर प्रत्येकीचा जबाब निराळा येतो.

जावास्क्रिप्ट हे दोन्ही शेजारी-शेजारी चिकटवते आणि १००१८ असे उत्तर देते. तक्रार काही करीत नाही. ११८ रुपयांचे बिल दहा हजार अठरा रुपयांचे होते.

पीएचपी ही भाषा मजकुराचा आपणहून आकडा करून ११८ असे उत्तर देते. यावेळी उत्तर बरोबर आले, पण ते नशिबाने. '१०० रुपये' असा मजकूर आला तर पीएचपीच्या ८व्या आवृत्तीपासून ती इशारा देऊन पुढे जाते, आणि मजकुरात आकडा मुळीच नसेल तर चूक दाखवून थांबते. २०२० साली ही आवृत्ती येईपर्यंत ती अशा मजकुराला शून्य धरून बेरीज पुरी करीत असे.

पायथॉन ही बेरीज नाकारते आणि प्रोग्रॅम तिथेच थांबतो. पण केव्हा? प्रोग्रॅम चालू असताना, ती ओळ आल्यावर. ती ओळ वर्षातून एकदाच, मार्चअखेरच्या हिशेबाला चालत असेल, तर चूकही मार्चअखेरच कळणार. शिवाय बेरजेऐवजी गुणाकार असेल तर पायथॉन थांबतही नाही. मजकुरातील १०० गुणिले ३ नग याचे उत्तर ती १००१००१०० असे देते, म्हणजे तोच मजकूर तीन वेळा.

जावामध्ये 'एकूण रक्कम हा आकडा आहे' असे आधी लिहावे लागते. मग अशी बेरीज त्यात ठेवू लागल्यास प्रोग्रॅम तयारच होत नाही. कंपायलर, म्हणजे लिहिलेल्या प्रोग्रॅमचे यंत्राच्या भाषेत रूपांतर करणारा कारागीर, तो परत करतो. गो आणि रस्ट या भाषा याहून कडक आहेत. त्या अशी बेरीज उभीच राहू देत नाहीत.

सी या जुन्या भाषेचा कारभार निराळा आहे. ती मजकुराच्या पत्त्यात १८ मिळवते, म्हणजे मेमरीतील भलत्याच जागेकडे बोट दाखवते. जीसीसी हा प्रसिद्ध कंपायलर असा पत्ता आकड्याच्या खणात ठेवल्यास फक्त इशारा देत असे. २०२४ साली आलेल्या १४व्या आवृत्तीपासून तो ही चूक मानून काम थांबवतो.

दहा हजारांचे बिल गिऱ्हाईक लगेच ओळखेल. न दिसणारी चूक जास्त महाग पडते. गोदामात ९ नग उरले आणि '१० पेक्षा कमी झाल्यास सूचना दे' असे सांगितले आहे. पण दोन्ही आकडे मजकूर म्हणून ठेवले असतील, तर जावास्क्रिप्ट आणि पायथॉन शब्दकोशाच्या क्रमाने तुलना करतात. त्या क्रमात ९ हे १० च्या नंतर येते, कारण १० ची सुरुवात १ ने होते. सूचना येतच नाही, माल संपतो, आणि कारण कोणाला कळत नाही.

दोन घराणी आणि मधला मार्ग

यावरून भाषांची दोन घराणी दिसून येतात. जावा, गो, रस्ट, कोटलिन, सी-शार्प या भाषा प्रोग्रॅम चालण्यापूर्वीच प्रकार तपासतात. जावास्क्रिप्ट, पायथॉन, पीएचपी, रूबी या भाषा चालता-चालता जमेल तेवढे तपासतात. पहिल्या घराण्यात सुरुवातीला लिहिणे जास्त. दुसऱ्या घराण्यात काम झटपट उभे राहते.

झटपट काम हेच दुसऱ्या घराण्याच्या लोकप्रियतेचे कारण होते. पायथॉन १९९१ साली गीदो व्हान रॉसम यांनी प्रसिद्ध केली. रासमुस लेरडॉर्फ यांची पीएचपी १९९५ ची. त्याच वर्षी नेटस्केप कंपनीतील ब्रेंडन आइक यांनी जावास्क्रिप्टचा पहिला नमुना सुमारे दहा दिवसांत तयार केला. तेव्हा तिचे काम वेबपेजवर थोडी हालचाल आणण्यापुरते होते. पुढे याच भाषांवर बँका, बाजारपेठा आणि सरकारी खिडक्या उभ्या राहिल्या. झोपडीसाठी खणलेल्या पायावर चार मजले चढले.

अशा वेळी सगळे पाडून नवे बांधणे कोणालाच परवडत नाही. म्हणून मधला मार्ग निघाला : भाषा तीच ठेवायची आणि तिच्यावर बाहेरून तपासनीस नेमायचा. ही कल्पना नवी नाही. १९७८ साली बेल लॅबोरेटरीतील स्टीफन जॉन्सन यांनी सी भाषेसाठी 'लिंट' नावाचे तपासणीचे साधन केले होते. लिंट म्हणजे कपड्याला चिकटलेला सुताचा बारीक रोवा. असा रोवा वेचून काढणे हेच त्याचे काम होते.

जावास्क्रिप्टसाठी हे काम मायक्रोसॉफ्टने ऑक्टोबर २०१२ मध्ये टाईपस्क्रिप्ट आणून केले. तिचे मुख्य रचनाकार अँडर्स हेल्सबर्ग होत. ज्यांनी जुन्या काळी टर्बो पास्कलवर प्रोग्रॅमिंग शिकले, त्यांना हे नाव परके वाटू नये. ते साधनही त्यांचेच. पायथॉनसाठी युका लेहतोसालो यांनी केंब्रिज विद्यापीठात संशोधन करताना मायपाय हे साधन सुरू केले. २०१५ साली पायथॉनच्या ३.५ या आवृत्तीत प्रकार लिहिण्याची पद्धत अधिकृत झाली. ड्रॉपबॉक्स कंपनीने २०१९ साली जाहीर केले की तिच्या पायथॉन प्रोग्रॅमच्या ४० लाख ओळी मायपायच्या तपासणीखाली आल्या आहेत. पीएचपीसाठी पीएचपीस्टॅन आणि साम, रूबीसाठी स्ट्राईप कंपनीचे सॉर्बे अशी साधने आहेत.

गिटहब या प्रोग्रॅम ठेवण्याच्या जागतिक कोठारावर ऑगस्ट २०२५ मध्ये टाईपस्क्रिप्ट वापरणाऱ्यांच्या संख्येत पहिल्या क्रमांकावर आली. पायथॉन आणि जावास्क्रिप्ट दोन्ही तिच्या मागे पडल्या. याचा अर्थ बाजाराचा कल स्पष्ट आहे. आणि लहान व्यावसायिकाच्या दृष्टीने महत्त्वाचे म्हणजे टाईपस्क्रिप्ट, मायपाय, पायराईट, पीएचपीस्टॅन ही सर्व साधने मोफत मिळतात.

लेखी व्यवहाराची शिस्त

आता कोणी म्हणेल की एवढे लिहीत बसण्यापेक्षा मी लक्ष देऊन काम करीन. या युक्तिवादाला आपल्याकडे फार जुने उत्तर आहे.

कुरआनमधील सर्वांत मोठी आयत ही सूरह बकराची २८२वी आयत आहे, आणि तिचा विषय देवघेवीचा आहे. मुदतीचा उधारीचा व्यवहार असेल तर तो लिहून ठेवावा, लिहिणाऱ्याने न्यायाने लिहावे, साक्षीदार ठेवावेत, रक्कम लहान असो वा मोठी, लिहिण्याचा कंटाळा करू नये, असा तिचा आशय आहे. परंतु त्याच आयतीत सवलतही आहे. हातोहात होणारी रोखीची देवघेव असेल तर ती न लिहिल्याने दोष लागत नाही.

ही आयत कर्जाच्या व्यवहाराबाबत आहे, कॉम्प्युटरबाबत नाही, हे उघड आहे. पण तिच्यातील व्यवहाराचे शहाणपण आपल्या विषयाला नेमके लागू पडते. लिहिण्याची गरज माणसे बेइमान असतात म्हणूनच असते असे नाही. मुदत लांबली की आठवण धूसर होते, माणसे बदलतात आणि दोघांना दोन गोष्टी आठवतात. जिथे व्यवहार तिथल्या तिथे संपतो, तिथे कागदाचा भार कशाला?

प्रोग्रॅमचेही असेच आहे. एका फाईलमधील नावे क्रमाने लावायची, एकदाच चालवून टाकून द्यायचे, असे वीस ओळींचे काम म्हणजे रोखीचा सौदा. त्याला साधी पायथॉन पुरे. जो प्रोग्रॅम पाच वर्षे चालणार, ज्यात उद्या दुसरा कारागीर हात घालणार, ज्यावर दुसऱ्याचा पैसा अवलंबून आहे, तो मुदतीचा व्यवहार होय. तिथे कोणत्या खणात काय असेल आणि कोणते काम काय घेऊन काय देईल, हे लिहूनच ठेवले पाहिजे. प्रकार म्हणजे ही लेखी नोंद आणि टाईप-चेकर म्हणजे न थकणारा साक्षीदार.

तोळा आणि ग्रॅम : जकातीचे उदाहरण

आता एक खरे अवघड काम घेऊ. समजा जकातीचा हिशेब करून देणारा प्रोग्रॅम करायचा आहे. सोन्याचा निसाब साडेसात तोळे, म्हणजे ८७.४८ ग्रॅम, आणि चांदीचा साडेबावन्न तोळे, म्हणजे ६१२.३६ ग्रॅम असा आपल्याकडे धरला जातो. येथे तोळा म्हणजे जुना तोळा, ११.६६४ ग्रॅमचा. पण आजच्या सराफ बाजारात १० ग्रॅमलाच तोळा म्हणतात.

एका भगिनीने 'माझ्याकडे आठ तोळे सोने आहे' असे लिहिले. जुन्या तोळ्याने ते ९३.३१२ ग्रॅम होते, म्हणजे निसाबाच्या वर. बाजारी तोळ्याने ते ८० ग्रॅम होते, म्हणजे निसाबाच्या खाली. फक्त सोन्याचाच विचार केला तर एका अर्थाने जकात लागू होते आणि दुसऱ्या अर्थाने होत नाही. सोबत चांदी, रोकड असल्यास मसला बदलतो. तो तपशील आलिमांना विचारावा. प्रोग्रॅम करणाऱ्याने एवढे पाहावे की त्याच्या चुकीमुळे कोणाची फर्ज जकात राहून जाऊ नये.

येथे आकडा आणि मजकूर असा घोटाळा नाही. आठ हा आकडाच आहे. जुना तोळा, बाजारी तोळा आणि ग्रॅम हे तिन्ही भाषेच्या दृष्टीने साधे आकडे आहेत. म्हणून साधी तपासणी ही चूक पकडणार नाही. अशीच चूक अमेरिकेच्या नासा संस्थेला भोवली. मंगळाकडे पाठवलेले 'मार्स क्लायमेट ऑर्बिटर' हे यान २३ सप्टेंबर १९९९ रोजी नष्ट झाले. एका प्रोग्रॅमने रेट्याचे माप इंग्रजी पौंडांत दिले आणि दुसऱ्याने ते मेट्रिक न्यूटनमध्ये आहे असे धरले. दोन्हीकडे आकडेच होते, चिठ्ठी मात्र नव्हती.

उपाय असा की प्रत्येक मापाचा स्वतंत्र प्रकार करावा. येथे भाषांमधील फरक पुन्हा दिसतो. गो भाषेत 'ग्रॅम' आणि 'तोळा' असे दोन प्रकार एकेका ओळीत जाहीर करता येतात. मग ग्रॅमच्या व्हेरिएबलमध्ये तोळ्याचे व्हेरिएबल मिळवले तर प्रोग्रॅम तयार होत नाही. रस्टमध्येही तसेच होते. पायथॉनमध्ये 'न्यूटाईप' नावाची सोय आहे. ती वापरून लिहिल्यास ग्रॅम मागणाऱ्या कामाला तोळे दिल्याची चूक मायपाय पकडतो. टाईपस्क्रिप्टमध्ये मात्र सावध राहावे. तिथे आकड्याला 'ग्रॅम' आणि 'तोळा' अशी दोन टोपणनावे दिली तरी ती दोन्ही एकच मानली जातात, कारण ती भाषा नाव पाहत नाही, घडण पाहते. वेगळेपणा आणण्यासाठी प्रकाराला खुणेची जोड द्यावी लागते, ज्याला ब्रँडिंग म्हणतात. जावा आणि पीएचपीमध्ये छोटा स्वतंत्र क्लास करावा.

तरीही 'आठ तोळे' लिहिणाऱ्या भगिनीला कोणता तोळा अभिप्रेत आहे, हे कोणतीही भाषा सांगू शकत नाही. ते पडद्यावर विचारावेच लागते. सगळ्यांत बरे म्हणजे वजन फक्त ग्रॅममध्येच मागावे.

तपासनिसाच्या मर्यादा

टाईप-चेकर लावला म्हणजे प्रोग्रॅम निर्दोष झाला असे समजू नये. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातील आणि मायक्रोसॉफ्टमधील संशोधकांनी २०१७ साली जावास्क्रिप्टच्या प्रोग्रॅममधील, दुरुस्त झालेल्या ४०० चुका तपासल्या. टाईपस्क्रिप्ट किंवा फेसबुकचे फ्लो हे साधन आधी लावले असते तर त्यातील सुमारे १५ टक्के पकडल्या गेल्या असत्या, असा त्यांचा निष्कर्ष निघाला. शंभरात पंधरा म्हणजे सगळ्या नव्हेत, पण मोफत साधनाने एवढ्या चुका माल जाण्यापूर्वी थांबत असतील तर धंद्याच्या दृष्टीने तो मोठा फायदा आहे.

उलट 'अमुक भाषेत चुका कमी होतात' अशा सरसकट दाव्यांबाबत सावध राहावे. २०१४ साली गिटहबवरील ७२९ प्रकल्पांचा अभ्यास करून भाषा आणि चुका यांचे नाते मांडले गेले होते. २०१९ साली दुसऱ्या गटाने त्याची फेरतपासणी केली तेव्हा त्यातील बहुतेक निष्कर्ष टिकले नाहीत.

कडक भाषेलाही अपघात चुकत नाही. ४ जून १९९६ रोजी युरोपचे एरियन-५ हे रॉकेट उड्डाणानंतर सुमारे ४० सेकंदांत नष्ट झाले. त्याचा प्रोग्रॅम एडा या अत्यंत कडक भाषेत होता. पण ६४ बिटांची मोठी किंमत १६ बिटांच्या लहान खणात कोंबण्याचे काम तपासणीविना सोडले होते. जुन्या एरियन-४ मध्ये ती किंमत तेवढी मोठी होत नसे. नव्या रॉकेटचा वेग वेगळा होता.

रोजच्या कामात तीन ठिकाणी विशेष लक्ष ठेवावे लागते.

पहिले म्हणजे 'एनी' हा प्रकार. टाईपस्क्रिप्ट आणि पायथॉन दोन्हींत 'काहीही चालेल' असे लिहिण्याची सोय आहे. ते लिहिले की तपासनीस त्या जागी डोळे मिटतो. जुन्या प्रोग्रॅममध्ये हळूहळू बदल करताना ती सोय लागते, पण हिशेबाच्या जागी ती असू नये.

दुसरे म्हणजे बाहेरून येणारी माहिती. टाईपस्क्रिप्टमधील प्रकारांच्या नोंदी शेवटी पुसल्या जातात आणि ब्राउझरमध्ये साधी जावास्क्रिप्टच चालते. पायथॉनही चालताना या नोंदींकडे लक्ष देत नाही. नुसत्या नोंदी लिहून मायपाय चालवलाच नाही, तर त्याचा उपयोग शून्य. म्हणून फॉर्ममधून किंवा दुसऱ्या कंपनीच्या सेवेतून आलेली माहिती दारातच तपासावी. टाईपस्क्रिप्टसाठी झॉड आणि पायथॉनसाठी पायडँटिक ही साधने हे काम करतात.

तिसरे म्हणजे रिकामा खण, ज्याला नल म्हणतात. टोनी होर या शास्त्रज्ञांनी १९६५ साली ही कल्पना आणली आणि २००९ साली तिला आपली अब्ज डॉलरची चूक म्हटले. गिऱ्हाइकाचा फोन नंबर आहे असे धरून चालले आणि खण रिकामा निघाला की प्रोग्रॅम कोसळतो. कोटलिन आणि रस्ट या भाषा रिकामेपणाची शक्यता लिहायला भाग पाडतात. टाईपस्क्रिप्टमध्ये ती तपासणी 'स्ट्रिक्ट' हा पर्याय चालू केल्यावर मिळते. जावाचा कंपायलर अजून ही हमी देत नाही.

पैशाबाबत आणखी एक सूचना. जावास्क्रिप्ट, पायथॉन किंवा जावा यांच्या नेहमीच्या अपूर्णांकात ०.१ अधिक ०.२ यांची बेरीज नेमकी ०.३ येत नाही, शेवटी बारीक फरक राहतो. त्यामुळे रक्कम पूर्ण पैशांत ठेवावी किंवा भाषेतील खास दशांश प्रकार वापरावा.

कोणत्या कामाला काय?

वेबसाईट किंवा ऑनलाईन दुकान नव्याने करायचे असेल तर साध्या जावास्क्रिप्टऐवजी टाईपस्क्रिप्ट घ्यावी आणि पहिल्या दिवसापासून 'स्ट्रिक्ट' चालू ठेवावे. मागाहून चालू केल्यास शेकडो चुकांची यादी समोर येते आणि माणूस घाबरून ते बंद करतो.

जुने काम पीएचपीत असेल तर ते मोडू नये. पीएचपीस्टॅन लावावे. त्यात शून्यापासून दहापर्यंत कडकपणाच्या पायऱ्या आहेत. आधीच्या चुकांची यादी बाजूला ठेवून फक्त नव्या चुका दाखवण्याची सोयही आहे. दर महिन्याला एक पायरी चढली तरी पुरे.

पायथॉनचे काम असेल तर मायपाय किंवा मायक्रोसॉफ्टचे पायराईट यांपैकी एक निवडावे. ज्या कामात प्रकार मुळीच लिहिलेले नाहीत त्याच्या आत मायपाय आपणहून डोकावत नाही. पायराईट डोकावते आणि प्रकार स्वतः ताडण्याचा प्रयत्न करते. नवशिक्याला पायराईट सोपे जाते, कारण व्हीएस कोडमध्ये पायलान्सच्या रूपाने ते लिहिता-लिहिताच चूक दाखवते. २०२५ साली मेटा कंपनीचे पायरफ्लाय आणि अॅस्ट्रल कंपनीचे टीवाय ही रस्टमध्ये लिहिलेली वेगवान साधनेही आली आहेत.

मोबाईलवरील अँड्रॉईड अॅपसाठी कोटलिन घ्यावी. २०१९ पासून गूगलने तिलाच पहिली पसंती दिली आहे. अनेक गिऱ्हाईकांना एकाच वेळी सेवा देणाऱ्या सर्व्हरसाठी जावा किंवा गो. गो शिकायला सोपी आहे. रस्ट सर्वांत कडक आणि वेगवान आहे, पण ती शिकायला वेळ लागतो. जोपर्यंत काम तशा दर्जाचे मिळत नाही तोपर्यंत लहान व्यावसायिकाने तिच्यात अडकू नये.

टाईपस्क्रिप्ट सर्वांनाच मानवते असेही नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये रूबी ऑन रेल्सचे जनक डेव्हिड हायनमायर हॅन्सन यांनी आपल्या टर्बो या साधनातून ती काढून टाकली. प्रकार लिहिण्याची कसरत कामात अडथळा आणते, असे त्यांचे म्हणणे होते. अनुभवी, लहान आणि स्थिर गटाला हे परवडू शकते. ज्या दुकानात दर वर्षी नवा मुलगा कामाला येतो, तिथे लेखी नोंद असलेली बरी.

गिऱ्हाइकाने काय विचारावे?

जे व्यापारी बंधू सॉफ्टवेअर करून घेतात त्यांनी भाषा शिकण्याची गरज नाही. पण सौदा ठरवताना चार प्रश्न जरूर विचारावेत. एक, प्रोग्रॅम माझ्याकडे देण्यापूर्वी कोणती तपासणी चालवता? दोन, रक्कम आणि वजन यांचे स्वतंत्र प्रकार केले आहेत काय? तीन, फॉर्ममध्ये कोणी आकड्याऐवजी अक्षर लिहिले तर काय होते, ते माझ्यासमोर करून दाखवाल काय? चार, तुम्ही गाव सोडून गेलात तर दुसऱ्याला हा प्रोग्रॅम वाचता येईल काय?

तरुणांनीही या प्रश्नांची वाट पाहू नये. दरपत्रकातच लिहावे की तपासणीत एकही चूक नसताना माल दिला जाईल. सुरुवात सगळ्या प्रोग्रॅमपासून करण्याची आवश्यकता नाही. ज्या दहा-वीस ठिकाणी पैसा मोजला जातो, कर लावला जातो, वजन घेतले जाते, तेवढ्या जागांवर आधी प्रकार लिहावेत. एका आठवड्याचे काम आहे, पण पुढची अनेक वर्षे उपयोगी पडते.

दुसऱ्याचा हिशेब आपल्या प्रोग्रॅमच्या हाती येणे म्हणजे अमानत हाती येणे. तराजू खोटा ठेवणाऱ्याला कुरआनने किती कडक शब्दांत ताकीद दिली आहे, हे सूरह मुतफ्फिफीन वाचणाऱ्याला ठाऊक आहे. जाणूनबुजून कमी तोलणे आणि निष्काळजीपणाने तराजू तपासायचा राहून जाणे यात फरक आहे हे खरे, पण गिऱ्हाइकाचे नुकसान दोन्हींत सारखेच होते. तपासण्याची साधने मोफत मिळत असताना ती न वापरण्याला सबब उरत नाही.